दसऱ्याआधीचा रविवार : चिरलेल्या गावात अन्यायावर उपदेश कसा तयार करावा

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आमचं चर्च गच्च भरतं, पण निम्म्या माणसांचं चित्त बाहेर लागलेलं असतं. ऊसतोडीला कोणाची टोळी कोणत्या कारखान्याला, उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, लेकरं न्यायची की म्हातारीजवळ ठेवायची, हीच कुजबुज. थोड्याच दिवसांत वस्ती रिकामी होणार आणि परत भरणार ती मार्च-एप्रिलात. अशा रविवारी उपदेशाला उभं राहणाऱ्यासमोर दोन पळवाटा असतात. एक, "प्रवासात प्रभू तुमच्यासंगं असो" म्हणून आशीर्वाद देऊन मोकळं व्हायचं. दुसरी, सरकारला आणि कारखानदारांना अर्धा तास झोडपायचं. ते ऐकायला तिथं कोणीच नसतं, त्यामुळं धोकाही नसतो. मी दोन्ही करून पाहिलंय. तिसरी वाट सापडायला बरीच वर्षं गेली. तिचाच हा सोमवार ते रविवार असा हिशेब.

लिहितोय ते बीड, जालना, परभणी, धाराशिव भागातल्या उपदेशकांसाठी: पाळक, फादर, आणि पाळक नसलेल्या गावात रविवार सांभाळणारे मंडळीतले वडील. उदाहरण ऊसतोडीचं घेतलंय, कारण ते मला जवळचं आहे. पाणी, जमीन, जात यांवर बोलायचं असेल तरी तयारी अशीच करावी लागते.

आधी गाव कुठं कुठं चिरलंय ते बघू. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर मराठा-ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नानं चहाच्या हॉटेलांचीसुद्धा वाटणी केली. एकाच चौकात दोन टपऱ्या, दोन बाकडी. आपली माणसं म्हणतात, "आपलं त्यात काय?" २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती ०.९६ टक्के, मराठवाड्यातल्या खेड्यात तर बोटावर मोजण्याइतके. पण आपलं आहे. ज्याच्या रानात आपण खुरपायला जातो तो एका बाजूचा, ज्या मुकादमाची, म्हणजे कारखान्याला टोळी पुरवणाऱ्या मधल्या माणसाची, उचल घेतलीय तो दुसऱ्या बाजूचा. शिवाय १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला, त्या दिवसापासून मंडळीच्या आतसुद्धा चीर दिसायला लागली. मांग घराण्यातून आलेल्या कुटुंबांचे पाहुणे वर्गीकरण मागणारे, महार घराण्यातून आलेल्यांचे विरोध करणारे. चर्चमध्ये कोणी बोलत नाही, पण कोण कोणाशेजारी बसतं ते बदललं. उपदेशकाला हे बसणं वाचता आलं पाहिजे.

सोमवार, मंगळवार : वही बघायला जा

पुस्तक उघडण्याआधी तीन घरं फिरा. "तुमच्यावर काय अन्याय होतो?" असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाला माणूस तुम्हाला आवडेल तेच उत्तर देतो. "यंदाची वही दाखवता का?" असं विचारा. प्रत्येक ऊसतोडीच्या घरात एक वही असते, बहुतेक शाळेतल्या पोरीनं लिहिलेली.

एका घरी मला अशी वही बघायला मिळाली. पहिल्या पानावर "उचल ८०,०००". मग किराणा, दवाखाना, खाडे. बाईनं बोट ठेवून सांगितलं, "सायब, हितं लेकरू आजारी होतं, दोन दिस खाडा पडला, ते पैसे कापले." मी विचारलं, टनाला किती? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तेव्हा तो टनाला साधारण ३६६ रुपये झाला होता. तिथंच पेन घेतला आणि भागाकार केला. ८०,००० ला ३६६ नं भागलं की जवळजवळ २१९ टन येतात. म्हणजे एका कोयत्यानं, नवरा-बायको दोघांनी मिळून, २१९ टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॅक्टरमध्ये भरायच्या, तेव्हा कुठं ते शून्यावर येतात. मागची बाकी असेल तर तीही फिटायची.

तो भागाकार पुढं उपदेशात आला. त्यासाठी ग्रंथालयात जावं लागलं नाही.

शब्द मात्र शिकून घ्या. फड (तोडीचं रान), कोपी (तोडणाऱ्यांची झोपडी), वाढे (उसाचे शेंडे), मोळी, खाडा, अर्धा कोयता (जोडीदाराविना एकटा तोडणारा). "स्थलांतरित श्रमिक" म्हणाल तर समोरच्याला वाटेल तुम्ही दुसऱ्या कोणाबद्दल बोलताय. आणि बायकांचं ऐकायला एकटे जाऊ नका. पाळकीणबाई किंवा महिला मंडळातल्या एखाद्या मावशीला सोबत न्या, जमल्यास त्यांनाच पाठवा. बीडमध्ये २०१९ ला ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे दुःख पुरुष पाळकाच्या पुढ्यात कोणी मोकळं करत नाही, आणि करू नये अशीही सोय असावी.

बुधवार : वचन

इथं माझी एक ठाम समजूत आहे. तक्रार आधी ठरवून तिला साजेसं वचन शोधायला निघालात तर वचन तुमच्या हातातली काठी होतं. म्हणून आधी अख्खं पुस्तक वाचा. आमोस संदेष्ट्याचं पुस्तक नऊ अध्यायांचंच आहे, एका बैठकीत होतं.

आठव्या अध्यायात ४ ते ७ ओव्यांत तो व्यापाऱ्यांच्या मनातलं बोलून दाखवतो: शब्बाथ कधी संपतोय आणि आम्ही धान्य विकायला काढतोय. माप लहान करू, वजन मोठं करू, खोट्या तराजूनं फसवू, गरिबाला जोडाभर पायतणाच्या किमतीत विकत घेऊ आणि गव्हाचा भुसासुद्धा विकू. हे मराठवाड्यात समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडं त्याला एकाच शब्दात 'काटामारी' म्हणतात. आणि बघा, काटा मारला तर कोण मरतं? ऊस घालणारा शेतकरी मरतो, कारण त्याचं बिल टनावर. तोडणाराही मरतो, कारण त्याची मजुरीही टनावर. चौकातल्या दोन बाकड्यांवर तोंडं फिरवून बसलेले दोघं एकाच काट्यावर उभे असतात. हे दिसलं त्या दिवशी माझा उपदेश पक्षांच्या भांडणातून बाहेर पडला. पण लगेच "आपण सगळे सारखेच" असं म्हणू नका. शेतकऱ्याकडं सातबारा आहे. तोडणाऱ्या बाईकडं कोपी आहे, तीही एप्रिलपर्यंतच. काटा एकच असला तरी दोघांना बसणारा मार सारखा नाही.

आमोसाची दुसरी गोष्ट त्याच्या सुरुवातीची. पहिल्या दोन अध्यायांत तो शेजाऱ्यांवर घसरतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश झाले असतील. मग यहूदा, म्हणजे भाऊबंद. तरी बरं वाटलं असेल. आणि मग तो वळतो तो थेट ऐकणाऱ्यांवर, आणि सर्वात जास्त तिथंच रेंगाळतो. आपल्याकडच्या बहुतेक 'सामाजिक' उपदेशांची गाडी मवाबापाशीच बंद पडते. दिल्ली वाईट, मुंबई वाईट, कारखाना वाईट, आमेन.

तिसरी गोष्ट आम्हा जालनेकरांना चिमटा काढणारी. आमोस बोलला कुठं? बेथेलात. तिथला याजक अमस्या त्याला म्हणाला, यहूदात जा, तिथं भाकर खा, तिथं संदेश दे; इथं नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे. आता जालन्याजवळही बेथेल आहे. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ते गाव वसवलं. आमची मंडळी या नावाखाली वाढली. तेव्हा "तुमच्या बेथेलात आज अमस्या कोण आहे?" हा प्रश्न मी इतिहासाची सहल म्हणून विचारत नाही. उत्तरात बरेचदा माझंच नाव येतं.

दुसऱ्या विषयांसाठी दोन ओळी. जमीन बळकावली असेल तर १ राजे २१, नाबोथाचा मळा. पण ईजबेल राणीला शिव्या देण्यात वेळ घालवू नका, तिनं राजाच्या नावानं धाडलेल्या पत्राप्रमाणे मुकाट वागणारे गावातले वडील बघा. पाण्यासाठी उत्पत्ती २६, इसहाकाच्या बुजवलेल्या विहिरी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं लातूरकरांना वेगळं सांगायला नको. कर्ज आणि गहाणखतासाठी नहेम्या ५.

गुरुवार : आधी आपली वही

याकोबाच्या पाचव्या अध्यायातली चौथी ओवी सगळ्यांना पाठ असते: शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय. मी एकदा यावर फार रंगून बोललो. उपासना संपली. घंटा वाजवणारा, झाडलोट करणारा आमचा माणूस दानाची थैली आवरता आवरता जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, माझे तीन महिन्याचे राहिलेत. कमिटीला सांगता का?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं की आज उपदेश त्याच्याचसाठी झाला.

तेव्हापासून गुरुवारी मी आधी मंडळीचा हिशेब बघतो. घंटा वाजवणाऱ्याचा पगार, वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाईचा पगार, मिशनच्या जागेवर भाड्यानं राहणाऱ्या विधवेचं काय चाललंय, आणि प्रभुभोजनाला कोण मागं उभं राहतं. लग्नं अजूनही जुन्या वाड्यांप्रमाणेच जुळतात का, हेही. करिंथकरांना पौल यावरूनच झापतो: एक उपाशी, एक तर्र, आणि वर म्हणे प्रभुभोजन. निस्तरता येईल ते रविवारआधी निस्तरा. जे येत नाही ते उपदेशात स्वतःच्या तोंडानं कबूल करा. "आपल्यातही हे आहे" एवढं एक वाक्य बोललात तर पुढची वीस वाक्यं ऐकली जातात.

शुक्रवार : मुकादमाच्या घरी चहा

आमच्या मंडळीत मुकादमही आहे. दानात त्याचा हात सैल, नाताळाच्या मंडपाचा खर्च त्याचाच. आता काय करणार?

नाथान संदेष्टा दावीद राजाकडं गेला तेव्हा त्यानं एका कोकरीची गोष्ट सांगितली आणि मग म्हणाला, तो माणूस तूच. आपल्याला ते "तूच" फार आवडतं. पण हे दरबार भरवून नाही, समोरासमोर झालं असावं असाच तो प्रसंग वाचताना वाटतो. ज्याला उत्तर देण्याची संधी नाही त्याच्यावर व्यासपीठावरून नेम धरणं हा धीटपणा नव्हे. उपासनेत उठून तो बोलू शकत नाही, तुम्ही बोलू शकता. म्हणजे त्या घटकेला सत्ता तुमच्या हातात आहे.

म्हणून आधी त्याच्याकडं जा. काय बोलणार आहात ते सांगा. परवानगी मागू नका, नुसतं सांगा. मी गेलो तेव्हा तो आधी तापला, मग त्यानं त्याची वही काढली. कारखान्यानं त्याला दिलेली रक्कम, पळून गेलेल्या दोन कोयत्यांची बुडीत उचल, त्यापायी सावकाराचं घेतलेलं. त्याची वही बघून माझं मत बदललं नाही, पण माझं वाक्य बदललं. "मुकादम रक्त पितो" असं लिहिलं होतं ते खोडलं आणि लिहिलं: "वरून येणारं वजन मधल्यानं खाली ढकललं, की सगळ्यात खाली बाई सापडते." हे वाक्य त्यालाही नाकारता आलं नाही.

उलटही सांगतो. लेकरं डांबून ठेवणं, मारहाण, बाईवर हात टाकणं, असं काही कानावर आलं तर चहा-बिहा काही नाही. ते उपदेशाचं काम नव्हे. पीडिताच्या सोबतीनं पोलीस ठाण्यात जायचं काम आहे, आणि तेही त्याच दिवशी.

शनिवार : लिहिणं

वीस मिनिटांवर जाऊ नका. सगळं लिहून काढा, निदान या विषयावर तरी. ऐनवेळी सुचलेलं वाक्य नेहमी राजकीय निघतं, कारण आठवडाभर मोबाइलवर तेच ऐकलेलं असतं.

नाव कृत्याचं घ्या. पक्षाचं, नेत्याचं आणि जातीचं घेऊ नका. "अमुक सरकारनं ऊसतोड्यांना फसवलं" म्हटलं की अर्धी मंडळी त्या सरकारच्या बचावाला धावते आणि ऊसतोड्या तिथंच राहतो. "खाड्याचे पैसे आजारी लेकराच्या आईकडून कापले जातात" याच्या बचावाला कोणाला धावायचं असेल तर धावू द्या.

आकडा एकच. मी २१९ टन ठेवला, बाकी सगळे गाळले. सुरुवात साधारण अशी झाली:

"मागच्या मंगळवारी मी एक वही वाचली. बायबलइतकीच जीर्ण होती. पहिल्या पानावर ऐंशी हजार. आता तुम्ही माझ्यापेक्षा हुशार, हिशेब तुम्हीच सांगा. शून्यावर यायला किती टन?"

मी थांबलो. मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "सव्वादोनशेच्या आसपास." त्यानं कागद-पेन वापरला नव्हता. मग मी आमोस उघडला.

सूर कुठून घ्यायचा? आपल्याच मातीतून घ्या. पैठणच्या एकनाथांनी भारुडात महाराच्या तोंडून 'जोहार मायबाप' म्हणवलं आणि पाटला-कुलकर्ण्यांच्या गावाला ते ऐकावं लागलं. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाला जी वाट करून दिली तीही याच परंपरेतून. ओवीच्या चालीवर दोन कडवी, किंवा गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्याची आठवण, एवढ्यानं बायका मान वर करतात. व्याख्यानाच्या मराठीनं मान खाली जाते. माझं एक निरीक्षण, पटलं तर घ्या: ज्या उपदेशात एकदाही हसू येत नाही तो दुःखाबद्दलही खरा वाटत नाही.

निवडणुका लागल्या असतील तर आणखी एक चाळणी लावा. आचारसंहितेत प्रार्थनास्थळांचा प्रचारासाठी वापर करायला मनाई आहे, धर्माच्या नावानं मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण ठरतं, आणि १९८८ च्या कायद्यानं धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. उमेदवार उपासनेला आला तर पुढं खुर्ची टाकू नका. बाकावर बसू द्या, सगळ्यांसारखा.

धीटपणाची किंमत कोण मोजणार?

वाराचं बंधन नसलेली ही पायरी. बोलता तुम्ही आणि भोगतं दुसरंच कोणी, असं होतं का ते बघा. दोन ठिकाणी फार जपायचं.

पहिलं, ज्यांच्या वह्या पाहिल्या ती माणसं ओळखू येता कामा नयेत. आकडे थोडे हलवा, गाव गाळा, आणि शनिवारी रात्री त्या घरी जाऊन तेवढा भाग वाचून दाखवा. "नको" म्हणाले तर काढून टाका, कितीही चांगला लिहिलेला असला तरी. त्या बाईला त्याच टोळीत सहा महिने काढायचेत.

दुसरं, जातीचे दाखले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. यावर बोललंच पाहिजे, तो अन्याय आपल्याच अंगावरचा आहे. पण आपल्या बाकांवर कोणाच्या कागदावर काय लिहिलंय याकडं बोट जाईल असं एकही वाक्य नको, उपरोधानंही नको. पोरांचं शिक्षण, नोकरी त्या कागदावर टांगलेली असते. देशभरातल्या मंडळ्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दलित मुक्ती रविवार पाळतात. आमच्याकडं तोवर टोळ्या फडावर पोचलेल्या असतात आणि बाकावर म्हातारे उरतात, म्हणून मी तो उपदेश दसऱ्याआधीच उरकतो.

मोबाइल तर आता प्रत्येकाच्या हातात आहे. तुमचं कोणतंही वाक्य कापून फिरू शकतं. त्यावर माझा उपाय साधा: प्रत्येक धारदार वाक्यात त्याचं वचन गुंफून ठेवायचं, वेगळं ठेवायचं नाही. "आमोस म्हणतो, काटा मारणाऱ्याचं कृत्य देव विसरत नाही" हे कापून फिरलं तरी उपदेशच फिरतो. आणि पूर्ण मजकूर कमिटीच्या फाइलला लावून ठेवा. एकदा एका अर्जावरून मला विचारणा झाली तेव्हा तो कागदच कामी आला.

रविवार, आणि त्यानंतर

उपदेशानंतर लगेच आशीर्वाद देऊन लोकांना घरी लावू नका. आम्ही टोळीला निघणाऱ्या प्रत्येक कोयत्याला पुढं बोलावतो, नावानं प्रार्थना करतो. शेतकऱ्यांची, मुकादमाचीही त्याच रांगेत. मग दारापाशी टेबल मांडतो. त्यावर कोऱ्या वह्या, आणि वही कशी लिहायची ते दाखवायला शाळेतली दोन पोरं. रोजची तारीख, टन, पावती नंबर, खाडा, कारण. लेकरं मागं ठेवायची असतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचे अर्ज. आणि एक कागद, ज्यावर कोण कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे ते लिहून घेतो आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या जवळच्या मंडळीच्या पाळकांना कळवतो.

तक्रारी येणारच. "पाळकानं राजकारण केलं" असं म्हणणारा आला तर बसवून घ्या आणि विचारा, कोणतं वाक्य? बहुतेकांना वाक्य सांगता येत नाही, चिडचिड सांगता येते. सांगता आलं तर ते लिहून घ्या. कधी कधी ते बरोबर असतात. दान बंद करीन म्हणणाऱ्याला मी आजवर एकदाही अडवलेलं नाही. तिघांनी बंद केलं, दोघं परत आले.

नाताळात आमचं चर्च अर्धं रिकामं असतं, म्हणून २६ किंवा २७ डिसेंबरला आम्ही चार-पाच जण फडावर जातो. उपासना रात्री, कोप्यांच्या मधे, बॅटरीच्या उजेडात. तिथं वीस मिनिटं मिळत नाहीत. मेंढपाळांची गोष्ट घ्या, रात्रपाळीवरच्या माणसांची, आणि सात मिनिटांत आटपा. ट्रॅक्टरचा दिवा दिसला की अर्ध्या वाक्यात थांबायचं. भरणीला उशीर झाला तर त्यांचाच खाडा पडतो. मागच्या वर्षी मी "भिऊ नका" पर्यंत पोचलो होतो. बाकीचं एका पोरानं मोळी उचलता उचलता पुरं केलं.